रजनीकांतचे जोक आपण वर्षानुवर्षं फॉरवर्ड केले, पण त्यांचा मूळ मालक अमेरिकेतला एक दाढीवाला होता

रजनीकांत कांदा चिरतो तेव्हा रडतं कोण? कांदा.

रजनीकांत जोर काढतो तेव्हा तो वर जात नाही, पृथ्वी खाली ढकलली जाते.

रजनीकांतने एकपासून अनंतापर्यंत आकडे मोजलेत. तेही दोनदा.

यातला एकही जोक तुम्हाला नवा वाटला नसणार. २०१० च्या पुढेमागे ज्याच्या हातात बटणांचा मोबाईल होता, त्याच्या इनबॉक्समध्ये हे सगळे येऊन गेलेत. एसएमएसचा पॅक मारायचा आणि एकाने पाठवलेला जोक पन्नास जणांना ढकलायचा, असा तो जमाना होता. सप्टेंबर २०११ मध्ये ट्रायने दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, तोवर हे जोक फेसबुकवर पोचले होते. पुढे व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि जुनेच जोक पुन्हा नव्याने फिरायला लागले.

आता मेन मॅटर. वरचे तिन्ही जोक रजनीकांतच्या नावावर येण्याआधी चक नॉरिस नावाच्या अमेरिकन अ‍ॅक्शन हिरोच्या नावावर फिरत होते. आपल्याकडे कुणीतरी नाव खोडलं, दुसरं नाव टाकलं आणि सेंड दाबलं.

पण फक्त नावच बदललं का? तर नाही. जोक शब्दाला शब्द तोच राहिला, पण अमेरिकेत लोक ज्यावर हसत होते आणि आपल्याकडे ज्यावर हसत होते, त्यात बराच फरक होता. हा फरक काय होता, आणि पुढे जाऊन हे दोघंही आपल्या नावासाठी कोर्टात का गेले, हे समजून घ्यायचं तर सुरुवातीपासून बघावं लागेल.

हा चक नॉरिस नेमका कोण?

कार्लोस रे नॉरिस हे त्याचं खरं नाव. जन्म १० मार्च १९४०, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या रायन गावात. तरुणपणी तो अमेरिकेच्या हवाई दलात भरती झाला. १९५८ च्या सुमाराला त्याची रवानगी दक्षिण कोरियातल्या ओसान तळावर झाली. तिथे त्याला दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे ‘चक’ हे टोपणनाव आणि दुसरी म्हणजे तांग सू दो ही कोरियन युद्धकला.

परत आल्यावर त्याने कराटेचे क्लास काढले, स्पर्धा जिंकल्या आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी व्यावसायिक कराटेत मिडलवेट गटाचा विजेता म्हणून नाव कमावलं. म्हणजे गडी खरोखर तगडा होता.

१९७२ मध्ये ब्रूस लीच्या ‘वे ऑफ द ड्रॅगन’ या पिक्चरमध्ये तो व्हिलन म्हणून आला. रोमच्या कोलोसियममध्ये ब्रूस ली आणि त्याची जी फाईट आहे, ती आजही मार्शल आर्ट्सच्या नामांकित फाईट्समध्ये गणली जाते. त्या फाईटमध्ये नॉरिस हरतो आणि मरतो. ज्याला कुणीच हरवू शकत नाही अशी ख्याती पुढे झाली, त्याची सगळ्यात गाजलेली फाईट ही हरलेली फाईट आहे.

१९८० च्या दशकात तो हिरो झाला. ‘मिसिंग इन अ‍ॅक्शन’, ‘इन्व्हेजन यूएसए’, ‘द डेल्टा फोर्स’ असे पिक्चर आले. सगळ्यांचा साचा साधारण एकच. शत्रू भरपूर, नॉरिस एकटा, चेहऱ्यावर हसू नाही आणि शेवटी उभा राहणार तोच. मग १९९३ ते २००१ या काळात ‘वॉकर, टेक्सास रेंजर’ ही मालिका सीबीएस वाहिनीवर चालली. डोक्यावर काउबॉय हॅट, चेहऱ्यावर दाढी, आणि कुठलाही प्रश्न गोल फिरून मारलेल्या लाथेने सुटतो, असा हा कायद्याचा रखवालदार.

ही मालिका अगदी गंभीरपणे काढलेली होती आणि जोकचं बी नेमकं तिथेच होतं.

एक दांडा ओढला आणि सुरुवात झाली

२००४ मध्ये एनबीसी आणि युनिव्हर्सल या कंपन्या एकत्र आल्या. एनबीसीवर रात्री कॉनन ओब्रायनचा कॉमेडी शो लागायचा. या एकत्रीकरणामुळे आता ‘वॉकर’च्या क्लिप आपल्याला फुकटात दाखवता येतील, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने टेबलाशेजारी एक दांडा बसवून घेतला. दांडा ओढला की मालिकेतला कुठलाही एक प्रसंग मागचंपुढचं काही न सांगता पडद्यावर यायचा. मूळ मालिकेत जे प्रसंग लोकांनी श्वास रोखून बघितले असतील, तेच असे तोडून दाखवल्यावर प्रेक्षक पोट धरून हसायचे.

२००५ च्या सुरुवातीला इंटरनेटवर याच चालीचा पण वेगळ्या माणसाचा खेळ सुरू झाला. विन डिझेलचा ‘द पॅसिफायर’ येत होता. त्यात हा धिप्पाड कमांडो लहान मुलं सांभाळतो. त्यावरून विन डिझेलबद्दल अचाट ‘फॅक्ट्स’ लिहायची लाट आली. इयन स्पेक्टर नावाच्या विद्यार्थ्याने वेबसाइट बनवली. बटण दाबलं की एक नवी थाप समोर.

काही महिन्यांत विन डिझेलचा जोर ओसरला. आता कुणाचं नाव घ्यायचं, असं स्पेक्टरने लोकांनाच विचारलं. त्याने दिलेल्या यादीत चक नॉरिस नव्हताच. लोकांनी स्वतःहून त्याचं नाव सुचवलं आणि तेच जिंकलं. २००५ संपेपर्यंत ‘चक नॉरिस फॅक्ट्स’ जगभर पोचले होते.

विन डिझेल मागे पडला आणि नॉरिस का टिकला? विन डिझेल तेव्हा ऐन भरात होता, आणि तो स्वतःच मुलं सांभाळायच्या कॉमेडीत काम करून स्वतःवर हसत होता. जो आधीच हसतोय त्याच्यावर जोक मारून फारशी मजा येत नाही. नॉरिस तेव्हा ६५ वर्षांचा होता, मालिका बंद होऊन चार वर्षं झाली होती आणि पडद्यावर तो कधी गंमत करायचा नाही. लहानपणी ज्याला बघून दिपून गेलो, तोच हिरो मोठेपणी बघताना थोडा वेडगळ वाटतो, पण जीव तर अजूनही आहे. अमेरिकेतलं हसू हे अशा जुन्या प्रेमातलं हसू होतं. गावाकडच्या पैलवान आजोबांची आपण नातवंडं जशी थट्टा करतो, साधारण तसं.

या जोकचं मशीन चालतं कसं?

जोक हजारो असतील, पण साचे मोजकेच आहेत.

पहिला साचा उलटापालटीचा. कांद्यामुळे माणूस रडतो, इथे माणसामुळे कांदा रडतो. दुसरा साचा नियम मोडण्याचा. अनंत कधी संपत नाही, पण याने दोनदा मोजून संपवलं. तिसरा साचा जगाने घाबरण्याचा. पोरं झोपायच्या आधी पलंगाखाली भूत आहे का बघतात, आणि भूत झोपायच्या आधी पलंगाखाली चक नॉरिस आहे का बघतं.

तिन्हीमध्ये हिरो स्वतः काहीच करत नाही, हे लक्षात घ्या. घाम गाळत नाही, धावत नाही, जिंकायची धडपड करत नाही. बाकीचं जग त्याच्या सोयीने सरकतं. म्हणूनच हे जोक छोटे असतात. मारामारीचं वर्णन करत बसलात तर जोक मेला.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे सांगायची पद्धत. याला कुणी ‘चक नॉरिस जोक’ म्हटलं नाही, ‘फॅक्ट’ म्हटलं. एखाद्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात छापावं तशा कोऱ्या चेहऱ्याने थाप मारायची. आपल्याला हे नवीन नाही. शाळेत मराठीच्या व्याकरणात अतिशयोक्ती अलंकार शिकलोय. त्यातलं ते दमडीच्या तेलाचं उदाहरण आठवत असेल, एवढ्याशा तेलात घरादाराचं सगळं उरकतं आणि तरी तेल उरतं. तिथेही सांगणारा हसत नाही, हिशोब दिल्यासारखं सांगत जातो.

अमेरिकेतही ही परंपरा इंटरनेटच्या फार आधीची. लाकूडतोड्यांच्या छावण्यांमध्ये रात्री शेकोटीभोवती पॉल बन्यन नावाच्या राक्षसी लाकूडतोड्याच्या थापा रंगायच्या. त्याच्या सोबतीला निळ्या रंगाचा एक अवाढव्य बैल. चक नॉरिस म्हणजे त्याच पॉल बन्यनचा इंटरनेटवरचा नातू. फरक एवढाच की पॉल बन्यन कधी जन्मलाच नव्हता, नॉरिस मात्र हाडामांसाचा माणूस होता.

पूर्व युरोपात मात्र प्रकरण वेगळं होतं

चक नॉरिसचे जोक पूर्व युरोपात जेवढे चालले तेवढे फार कमी ठिकाणी चालले असतील. याला इतिहास आहे.

१९८० च्या दशकात रोमानियात चाउशेस्कूची हुकूमशाही होती. सरकारी टीव्हीवर जे थोडंफार लागायचं त्यात बराचसा वेळ नेत्याचं कौतुक. अशा वेळी चोरून आणलेल्या व्हिडिओ कॅसेट घराघरात फिरायच्या. ज्याच्याकडे व्हीसीआर त्याच्या घरी शेजारीपाजारी दाराला कडी लावून जमायचे. इरिना नीस्तोर नावाच्या अनुवादक बाई सरकारी टीव्हीत काम करता करता लपूनछपून या पिक्चरना आवाज द्यायच्या. हिरो, व्हिलन, हिरोईन सगळ्यांना आवाज त्यांचाच. अशा हजारो पिक्चरना त्यांनी आवाज दिला. या सगळ्यावर २०१५ मध्ये एक माहितीपट आला, त्याचं नावच ‘चक नॉरिस व्हर्सेस कम्युनिझम’.

म्हणजे ज्या मारधाडीला अमेरिकेत लोक बी ग्रेड म्हणून हसत होते, ती रोमानियातल्या बंद खोलीत बघताना कुणाला तरी बाहेरचं जग दिसत होतं.

स्लोव्हाकियातला २०१२ चा किस्सा तर फेमस आहे. स्लोव्हाकिया आणि ऑस्ट्रियाच्या मध्ये मोरावा नदीवर सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठी पूल बांधला होता. नाव काय द्यायचं यासाठी ऑनलाइन मतदान घेतलं, तर ‘चक नॉरिस पूल’ हे नाव सगळ्यांच्या पुढे निघालं. जगभर बातम्या झाल्या.

पण ही नदी म्हणजे शीतयुद्धाच्या काळातली सीमा. पलीकडे पळून जाण्याच्या प्रयत्नात तिथे माणसं मेली होती. प्रादेशिक विधिमंडळाने शेवटी मतदान बाजूला ठेवलं आणि नाव दिलं ‘स्वातंत्र्याचा सायकल पूल’. जोक कितीही भारी असला तरी कुठे थांबवायचा, हा निर्णय तिथे लोकप्रतिनिधींना घ्यावा लागला.

मग रजनीकांतचं नाव कधी आलं?

आता आपल्याकडे येऊ. १ ऑक्टोबर २०१० ला शंकरचा ‘एन्दिरन’ रिलीज झाला. हिंदीत तो ‘रोबोट’ म्हणून आला. रजनीकांत तमिळमध्ये तोवर कित्येक वर्षं सुपरस्टार होते. १९९५ चा ‘बाशा’ गाजून पंधरा वर्षं झाली होती. त्याच वर्षीचा ‘मुथू’ १९९८ मध्ये जपानमध्ये लागून तिथेही हिट झाला होता. पण हिंदी पट्ट्यातल्या आणि आपल्याकडच्या बऱ्याच पोरांनी रजनीकांतचा आख्खा पिक्चर बघितला तो ‘रोबोट’च. त्याआधी बघितल्या होत्या त्या क्लिप.

‘रोबोट’च्या शेवटी शेकडो रजनीकांत एकमेकांना चिकटून कधी गोळा होतात, कधी साप होतात आणि सगळीकडून गोळ्या झाडतात. ही क्लिप ‘रजनी काहीही करू शकतो’ म्हणून तुफान फिरली. यातली गोची अशी की ही सगळी करामत करणारा कथेत माणूस नाहीच, तो रोबोट आहे. त्याच पिक्चरमधला माणूस रजनीकांत, म्हणजे शास्त्रज्ञ वसीगरन, मारामारीची वेळ आली की मागे सरणारा आहे. यंत्राने यंत्रासारखं वागणं यात विनोद काय? पण क्लिप बघणाऱ्याला कथा माहीत नव्हती आणि माहीत करून घ्यायची गरजही नव्हती.

मग जोकचा पूर आला. डेसीमार्टिनी या सिनेमाच्या साइटने तर रजनीकांतवर अशी वेबसाइट काढली जी इंटरनेट बंद केल्यावरच चालायची. इंटरनेट सुरू केलं की बंद पडायची, कारण ती म्हणे रजनी पॉवरवर चालते. २०११ मध्ये शाहरुखने ‘रा.वन’मध्ये चिट्टी रोबोटला पाहुणा म्हणून आणलं आणि २०१३ मध्ये ‘चेन्नई एक्सप्रेस’च्या ‘लुंगी डान्स’मधून रजनीकांतला सलाम ठोकला.

हाच साचा क्रिकेटमध्येही गेला. एप्रिल २०१३ मध्ये धोनीने ट्विटरवर ‘सर जडेजा’ची मालिका लावली. एका चेंडूत दोन धावा हव्या असतील तर सर जडेजा एक चेंडू राखून जिंकून देतात, अशा थाटाची. चक नॉरिसचं मशीन, नाव रवींद्र जडेजाचं.

हसत कोण होतं आणि कशावर?

तमिळ चाहता रजनीकांतच्या कटआउटला दुधाचा अभिषेक घालतो. एन्ट्रीला शिट्ट्या मारतो. गोळी दातात पकडणं शक्य नाही हे त्यालाही कळतं, तो काही दूधखुळा नाही. तिकीट काढतानाच त्याने ठरवलेलं असतं की पुढचे तीन तास आपल्या माणसासाठी जगाचे नियम बाजूला. अतिशयोक्ती तोही करतो, पण आतून, आपल्या माणसाबद्दल.

आपल्याकडे फॉरवर्ड करणाऱ्यांमधले बरेच जण बाहेरून हसत होते. ‘साउथचे पिक्चर म्हणजे असलंच काहीतरी’ हा त्यामागचा सूर. तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चार वेगळ्या भाषा, चार वेगळ्या इंडस्ट्री, पण बोलताना सगळ्यांना मिळून एकच शब्द, ‘साउथ’. काही जण त्याहून पुढे जाऊन ‘मद्रासी’ म्हणायचे. त्या आख्ख्या गठ्ठ्याला एक चेहरा हवा होता आणि तो रजनीकांतच्या रूपाने मिळाला.

गंमत म्हणजे त्याच काळात हिंदीतही तेच चाललं होतं. ‘एन्दिरन’च्या तीन आठवडे आधी ‘दबंग’ आला. २०११ मध्ये तमिळ ‘सिंगम’वरून हिंदी ‘सिंघम’ आला. गोव्याच्या रस्त्यावर बाजीराव सिंघम विजेचा खांब उपटून गुंडांना बडवतो. तिथे आपण शिट्ट्या मारल्या, ‘आता माझी सटकली’चे टीशर्ट घेतले. मूळ पिक्चरच्या हिरोने असंच केलं असतं, तर त्याची क्लिप फॉरवर्ड झाली असती.

मराठी माणसाला ही भावना नवी नाही. कित्येक वर्षं हिंदी सिनेमात मराठी माणूस म्हणजे एकतर हवालदार नाहीतर घरकामाला येणारी बाई. जोक म्हणून बघितला तर प्रसंग हसण्यासारखा असतोही, पण थिएटरमध्ये बाजूचा जरा जास्तच हसला की आपल्याला कुठेतरी टोचतं. तमिळ माणसाला तेच टोचत असेल, हे फॉरवर्ड करताना आपल्या डोक्यात आलं नाही.

आणि ज्याला आपण ‘साउथचा रजनी’ म्हणून ढकलत होतो, तो घरचाच निघाला.

शिवाजीराव गायकवाड

रजनीकांत यांचं खरं नाव शिवाजीराव गायकवाड. जन्म १२ डिसेंबर १९५०, बंगळुरूमधल्या मराठी कुटुंबात. वडील रामोजीराव गायकवाड पोलिसात कॉन्स्टेबल होते. घराण्याचं मूळ गाव म्हणून पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातलं मावडी कडेपठार सांगितलं जातं. म्हणजे मातृभाषा मराठी, जन्मभूमी कर्नाटक आणि कर्मभूमी तमिळनाडू.

शिवाजीरावांनी बंगळुरूच्या बसमध्ये कंडक्टरकी केली. मग मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षण घेतलं. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी १९७५ मध्ये ‘अपूर्व रागंगल’मध्ये पहिलं काम दिलं आणि रजनीकांत हे नावही त्यांनीच दिलं. सुरुवातीच्या काळात वाट्याला बरेचसे खलनायकी रोल आले. पुढे अमिताभच्या ‘डॉन’चा ‘बिल्ला’ केला, ‘दीवार’चा ‘ती’ केला आणि तिथून पुढचं सगळ्यांना माहिती आहे.

पडद्याबाहेर हा माणूस विग न लावता, टक्कल आणि पांढरी दाढी तशीच ठेवून, साध्या कपड्यात लोकांसमोर येतो. जोकमधला रजनी आणि हे गायकवाड यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. हा संबंध किती आणि तो कुणाच्या मालकीचा, हाच प्रश्न पुढे कोर्टात गेला.

नाव माझं, जोक तुझा, मग पैसे कुणाचे?

हा प्रश्न अडीचशे वर्षं जुना आहे. जर्मनीत बॅरन मुंखहाउझेन नावाचे एक खरेखुरे सरदार होते. जेवणानंतर पाहुण्यांना युद्धाचे आणि शिकारीचे किस्से तिखटमीठ लावून सांगायची त्यांना सवय. १७८५ मध्ये रुडॉल्फ रास्पे या लेखकाने स्वतःचं नाव न टाकता त्यांच्या नावाने अचाट थापांचं पुस्तक छापलं. पुस्तक युरोपभर गाजलं आणि खरे बॅरन हयात असताना थापाड्या म्हणून प्रसिद्ध झाले. ते प्रचंड चिडले, कोर्टाची धमकीही दिली, पण पुस्तकं छापली जातच राहिली.

चक नॉरिसने सुरुवातीला जोक हसून घेतले. २००६ मध्ये एका लेखात त्याने लिहिलं की काही जोक आवडतात, काही नाही. त्याच्या अश्रूंनी कॅन्सर बरा होतो या जोकवर, लोकांना बरं करणारा खरा तारणहार येशू आहे, असं त्याने धार्मिक अंगाने उत्तर दिलं. नोव्हेंबर २००७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असलेले माइक हकबी यांच्या प्रचाराच्या जाहिरातीत तो स्वतः बसला आणि हकबींनी तेच जोरांचे आणि पृथ्वीचे जोक ऐकवले. जोक आता मतं मागायला वापरले जात होते.

पण त्याच महिन्यात इयन स्पेक्टरचं ४०० फॅक्ट्सचं पुस्तक पेंग्विनच्या एका शाखेकडून बाजारात आलं. डिसेंबरमध्ये नॉरिसने केस ठोकली. माझं नाव आणि प्रतिमा वापरून तुम्ही पैसे कमावताय, हा त्याचा मुद्दा. २००८ मध्ये त्याने केस मागे घेतली आणि २००९ मध्ये स्वतःचं ‘अधिकृत’ फॅक्ट बुक काढलं. २०१२ च्या ‘एक्सपेंडेबल्स २’मध्ये तर तो स्वतःच सांगतो की त्याला नाग चावला होता आणि पाच दिवस तडफडून नाग मेला.

रजनीकांत यांची केस २०१४ ची. ‘मैं हूँ रजनीकांत’ नावाचा हिंदी पिक्चर येत होता. त्यांनी मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. परवानगी न घेता माझं नाव, माझी स्टाईल आणि माझी प्रतिमा वापरली जातेय, असं त्यांचं म्हणणं होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. माणूस सहज ओळखू येत असेल तर लोकांची फसवणूक झाली हे वेगळं सिद्ध करायची गरज नाही, असं कोर्टाने म्हटलं. पिक्चरचं नाव बदलून ‘मैं हूँ पार्टटाइम किलर’ करावं लागलं. सेलिब्रिटींच्या हक्कांबद्दल बोलताना वकील आजही या केसचा दाखला देतात. कागदोपत्री तिचं नाव आहे ‘शिवाजीराव गायकवाड विरुद्ध वर्षा प्रॉडक्शन्स’.

मग उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर रजनीचा जोक टाकला तर नोटीस येईल का? आतापर्यंतच्या निकालांची दिशा बघितली तर कोर्टाचा रोख धंद्यावर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूरच्या नावाला, आवाजाला आणि ‘झकास’ला संरक्षण दिलं, पण टीका, व्यंग आणि विडंबन यांना जागा आहे हेही सांगितलं. मे २०२४ मध्ये जॅकी श्रॉफच्या केसमध्ये त्याच कोर्टाने परवानगीशिवाय त्याचं नाव वापरून वस्तू विकणाऱ्यांना रोखलं. मात्र त्याच्या बेधडक उत्तरांच्या क्लिप जोडून बनवलेल्या ‘ठग लाइफ’ छापाच्या व्हिडिओवर लगेच बंदी घालायला नकार दिला. अशा व्हिडिओंना कोर्टाने सर्जनशीलतेचा भाग मानलं.

थोडक्यात, हसायला सहसा हरकत नाही. त्याच नावावर दुकान थाटलं तर मालक दारात येणार.

मग आता काय करायचं, जोक मारायचेच नाहीत?

मारा की. कायदा पैशाचा प्रश्न सोडवतो, टोमण्याचा नाही. तो आपला आपल्यालाच ओळखावा लागतो आणि त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. जोकमधलं नाव बदलून बघा. कांद्याचा जोक रजनी, नॉरिस, जडेजा किंवा तुमच्या गल्लीतला पैलवान, कुणाच्याही नावावर चालतो. म्हणजे तो निव्वळ अतिशयोक्तीचा जोक आहे, बिनधास्त पाठवा. पण ज्या जोकला हसू यायला ‘साउथ’, ‘मद्रासी’, रंग किंवा बोलण्याचा हेल लागतो, तो हिरोवरचा जोक नाही. तो तिथल्या माणसांवरचा टोमणा आहे आणि त्यात रजनीचं नाव फक्त आडोशाला घेतलंय.

गेल्या दहा वर्षांत तसं बरंच बदललंय. ‘बाहुबली’, ‘केजीएफ’, ‘पुष्पा’ आणि ‘आरआरआर’ला नाशिकपासून नागपूरपर्यंत थिएटरं भरली. हिरो तितकाच अचाट, नियम तितकेच मोडलेले, पण यावेळी आपणही आत बसून शिट्ट्या मारत होतो. जी गोष्ट बाहेरून वेडगळ वाटली, तीच आतून बघितल्यावर आपल्याला आवडली.

जोकमधल्या रजनीला कधी कुणाची मदत लागत नाही. २५ ऑक्टोबर २०२१ ला दिल्लीत खऱ्या रजनीकांत यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. तो स्वीकारताना त्यांनी तीन माणसांची नावं घेतली. गुरू बालचंदर, थोरले भाऊ सत्यनारायणराव गायकवाड आणि बंगळुरूच्या त्याच बसवरचे ड्रायव्हर राज बहादूर. तू अभिनय करू शकतोस, सिनेमात जा, असं कंडक्टर शिवाजीला सांगणारे हेच ते राज बहादूर.